आरसी बुकवर नाव आपलं, मग पोर्टला कुलूप कुणाचं?



आज पिकाबद्दल नाही, यंत्राबद्दल लिहितोय. पोस्ट लांबलीय, पण पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आधी वाचून काढा. ज्यांच्या दारात पन्नास एचपीच्या वरचा नवा ट्रॅक्टर उभा आहे, किंवा जे ऑटोस्टीअरचं किट बसवायच्या विचारात आहेत, त्यांनी तर दोनदा वाचा.

ट्रॅक्टरच्या स्टीअरिंगखाली किंवा सीटच्या बाजूला टोपण लावलेलं एक सॉकेट असतं. मोठ्या यंत्रांवर बहुतेक ते गोल, नऊ पिनांचं असतं. काहींवर मोटारीसारखं सोळा पिनांचं. याला डायग्नोस्टिक पोर्ट म्हणतात. ट्रॅक्टरला काय दुखतंय ते ट्रॅक्टर स्वतः इथं सांगतो. सर्व्हिसवाला पोरगा येतो, लॅपटॉपची वायर इथं लावतो, दहा मिनिटं बटणं दाबतो आणि बिल फाडून जातो. आपण बाजूला उभं राहून त्याच्यासाठी चहा सांगतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यानं ट्रॅक्टरचे पैसे मोजले, हप्ते भरले, त्याला या पोर्टला स्वतःचा लॅपटॉप लावून कोड वाचता आले पाहिजेत, आणि बदललेला पार्ट ट्रॅक्टरला ओळखवून देता आला पाहिजे. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या मिस्त्रीकडून करून घेता आलं पाहिजे. आज बऱ्याच यंत्रांत ते करता येत नाही. यंत्र अवघड आहे म्हणून नव्हे, कुलूप घातलंय म्हणून.

हे आत्ताच का बोलतोय? पूर्वीच्या ट्रॅक्टरात लपवण्यासारखं काही नव्हतंच. पंप, नोझल, फिल्टर, बेल्ट. आवाजावरून मिस्त्री सांगायचा काय गेलंय ते. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे ट्रेम-४ नियम लागू झाले. मग कॉमन रेल इंजिनं आली, त्यांच्यासोबत ईसीयू आला, सेन्सरांची रांग आली. धूर कमी झाला, चांगलंच झालं. त्याबद्दल तक्रार नाही. पण आवाजावरून दुखणं ओळखायचे दिवस संपले, आता दुखणं आकड्यांत येतं. त्यात भर म्हणून सॅटेलाइटवर चालणारी ऑटोस्टीअरची किटंही आपल्याकडं विकायला यायला लागलीत. बीबीएफवर सोयाबीन घेणारे, पाच फुटी सरीत ऊस लावणारे ती घेतायत, आणि घेण्यासारखीच वस्तू आहे.

आता या ऑटोस्टीअरमध्ये असतं तरी काय, ते बघू. छतावर एक रिसीव्हर. त्याला आरटीकेचं करेक्शन मिळालं की तो दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जागा सांगतो. एक स्क्रीन, तिच्यात आपण आखलेली ए-बी लाईन. एक कंट्रोलर, जो लाईनपासून ट्रॅक्टर किती सरकला ते बघून हुकूम सोडतो. स्टीअरिंगवर बसवलेली मोटर किंवा हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह, जो चाक वळवतो. आणि बऱ्याच किटांत पुढच्या चाकापाशी एक अँगल सेन्सर, चाक खरंच किती वळलं ते सांगायला.

झाल्या पाच वस्तू. यातली एकही अशी नाही जी तालुक्याच्या ठिकाणचा मिस्त्री बदलू शकणार नाही. पाना घ्या, कनेक्टर काढा, नवा लावा. अडतं ते पुढं. नवा सेन्सर लावला की कंट्रोलरला शिकवावं लागतं, की चाक पूर्ण डावीकडं म्हणजे एवढा आकडा, सरळ म्हणजे एवढा, पूर्ण उजवीकडं म्हणजे एवढा. याला कॅलिब्रेशन म्हणतात. रिसीव्हर दुसऱ्या उंचीवर बसवला तरी नवे आकडे भरावे लागतात. काम मोकळ्या रानात दहा-पंधरा मिनिटांचं. आणि नेमका हाच मेनू कुठं पासवर्डमागं असतो, कुठं कंपनीच्या लॅपटॉपशिवाय उघडतच नाही.

आमच्या शिवारात मागच्या खरिपात हेच झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. भाड्यानं बीबीएफ पेरणी करणाऱ्या एका गड्याच्या ट्रॅक्टरला बांधावरचा दगड लागला आणि अँगल सेन्सरचा दांडा तुटला. सेन्सर दुसऱ्या दिवशी पार्सलनं आला. आमच्या फिटरनं अर्ध्या तासात बसवला. स्क्रीन म्हणाली, कॅलिब्रेशन करा. मेनू उघडला तर सर्व्हिस पासवर्ड मागितला. फोन लावला तर उत्तर एकच, पासवर्ड देता येत नाही, आमचा माणूस येईल. माणूस पाचव्या दिवशी आला. त्याच्या कामाला मोजून बारा मिनिटं लागली.

पाच दिवस म्हणजे काय, हे कंपनीच्या एसी ऑफिसात बसून कळत नाही. जूनमध्ये काळ्या रानाला वाफसा येतो तो दोन-तीन दिवसांसाठी. आधी गेलात तर चिखल तुडवता, नंतर गेलात तर एकतर रान सुकतं नाहीतर पुन्हा पाऊस लागतो. कुणी म्हणेल, मोटर सोडवायची आणि हातानं चालवायचं. त्या गड्यानं तेच केलं. पण मग वरंबे वाकडे झाले, दोन पासांमधलं अंतर कुठं जास्त कुठं कमी झालं, आणि पुढं कोळपणीला ओळीच्या ओळी फासेत आल्या. किटाचे पैसे सरळ ओळीसाठी दिले होते ना?

आणि ही तर स्टीअरिंगची गोष्ट. स्टीअरिंग गेलं तर हात आहेत. उद्या इंजिनाच्या ईसीयूनं एखादा सेन्सर चुकीचा वाचून ताकद कमी करून टाकली, तर हातानं काय ढकलणार?

आता कोड म्हणजे काय ते बघू, कारण सगळं गौडबंगाल त्याच्याच नावावर चालतं. बऱ्याच मोठ्या यंत्रांत इंजिनाचा ईसीयू आणि इतर कंट्रोलर एकाच दोन तारांच्या जोडीवर बोलतात. तिला कॅन बस म्हणतात. बोलायची भाषा ठरलेली आहे, जे१९३९ नावाच्या मानकात. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यातल्या बोलण्याचं मानक आयएसओ ११७८३, ज्याला आयसोबस म्हणतात, ते याच पायावर उभं आहे. म्हणजे ही काही कंपनीच्या तिजोरीतली गुप्त भाषा नाही.

या भाषेत बिघाडाचे मुख्य आकडे दोन. पहिला एसपीएन, म्हणजे कुठं दुखतंय. दुसरा एफएमआय, म्हणजे कसं दुखतंय. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर. ११० म्हणजे कूलंटचं तापमान. ९७ म्हणजे डिझेलमध्ये पाणी. १५७ म्हणजे रेलचं प्रेशर. १६८ म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज. एफएमआय १ म्हणजे मोजलेली गोष्टच धोक्याच्या खाली गेलीय. ३ म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज नको तेवढं जास्त, ४ म्हणजे नको तेवढं कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा वायर तुटलेली.

आता हे जोडून बघा. १०० आणि १ आला तर ऑइल प्रेशर खरंच पडलंय, इंजिन जागेवर बंद करा. १०० आणि ४ आला तर आधी सेन्सर आणि त्याची वायर तपासा, उंदरानं कुरतडलेली असायची शक्यता मोठी. मात्र साधं गेज लावून प्रेशरची खात्री केल्याशिवाय इंजिन चालवू नका. डॅशबोर्डवरच्या नुसत्या दिव्यावरून नेमकं कारण कळत नाही. ते कळतं आकड्यात. एका आकड्यात इंजिन वाचतं, दुसऱ्यात टोचनचं भाडं वाचतं. आणि तो आकडा बघायला आपल्याला परवानगी नाही?

वायरिंगचंही तसंच. गोल नऊ पिनांच्या सॉकेटवर पिनांपाशी बारीक अक्षरं कोरलेली असतात. ए म्हणजे बॅटरीचा मायनस, बी म्हणजे प्लस, सी आणि डी म्हणजे कॅनच्या दोन तारा. चावी बंद करून, बॅटरी सोडवून, साध्या मल्टिमीटरनं सी आणि डीमधला रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास आला तर तारा ठीक, कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आला तर एका टोकाची तार किंवा रेझिस्टर सुटलाय. शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. एवढं तपासायला ना इंजिनिअर लागतो, ना लॅपटॉप.

मग कुलूप नक्की कुठं? तीन जागी. एक, लॅपटॉप आणि पोर्टमधला अडॅप्टर कंपनीचाच लागतो. दोन, सॉफ्टवेअर फक्त डीलरला मिळतं, आणि मिळालं तरी लॉगइन लागतं. तीन, नवा कंट्रोलर बसवला की त्याला त्या यंत्राशी जोडायची चावी कंपनीच्या सर्व्हरवरून येते. पहिली दोन पैशानं सुटू शकतात. तिसरं कुलूप खरं घातक, कारण खिशात पैसे आणि हातात पार्ट असूनही ट्रॅक्टर उभाच राहतो.

हे दुखणं आपल्याआधी अमेरिकेच्या शेतकऱ्यांनी भोगलंय, म्हणून त्यांच्याकडं काय झालं ते माहीत असलेलं बरं. तिथं डिजिटल कुलूप उघडणं हेच कॉपीराइट कायद्यात बसत नव्हतं. २०१५ साली ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी सूट मिळाली. त्या सुनावणीत जॉन डिअरनं मांडलेलं म्हणणं असं, की यंत्रातल्या सॉफ्टवेअरचा शेतकरी मालक नाही, त्याला यंत्र चालतंय तोवर ते वापरायचा परवाना आहे. म्हणजे लोखंड तुमचं, डोकं आमचं. २०१७ मध्ये बातम्या आल्या की तिथले शेतकरी युक्रेनमधून आलेलं फोडलेलं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून विकत घेतायत, का तर सुगीत स्वतःचं यंत्र सुरू करायला.

जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या फार्म ब्युरोनं जॉन डिअरशी समजुतीचा करार केला. पण करार म्हणजे कायदा नव्हे. कोलोरॅडो राज्यानं त्याच वर्षी शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्यातच घातला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या एफटीसी या आयोगानं दोन राज्यांना सोबत घेऊन जॉन डिअरवर दावा लावला. आरोप असा, की पूर्ण चालणारं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरांना देऊन कंपनीनं दुरुस्तीचा धंदा आपल्या मुठीत ठेवला. कंपनीनं आरोप नाकारला. पण त्याच वर्षी जुलैमध्ये तिनं मालकांसाठी आणि बाहेरच्या मेकॅनिकांसाठी नवं सॉफ्टवेअर आणलं, यंत्रामागं वर्षाला १९५ डॉलर. ते पुरेसं आहे का यावर तिथं वाद होईल. आपल्यासाठी त्यातली एक गोष्ट पुरे, की "देता येत नाही" असं जे वर्षानुवर्षं सांगितलं जातं ते देता येतं. फक्त कुणीतरी मान धरावी लागते.

आता कंपन्यांचं म्हणणं बघू. एकतर्फी बोललो असं नको.

पहिलं, सुरक्षा. ऑटोस्टीअर चुकीचं सेट झालं तर अपघात होईल. यात तथ्य आहे. कॅलिब्रेशन चालू असताना चाकं आपोआप फिरतात, ट्रॅक्टरजवळ माणूस उभा राहता कामा नये, रस्त्यावर तर ते करूच नये. पण मग पुस्तिका द्या, स्क्रीनवर सूचना द्या, डीलरकडं एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवा. रोटाव्हेटर आणि मळणीयंत्र याहून धोक्याचे आहेत, त्यांच्या नट-बोल्टांना कुणी पासवर्ड घातला नाही.

दुसरं, धूर. पोर्ट उघडं केलं तर शेतकरी धुराचे नियम उडवून लावतील. तसं करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण कोड वाचणं वेगळं आणि धुराचं सॉफ्टवेअर काढून टाकणं वेगळं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानंच ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या शेतकरी संघटनेला लेखी कळवलं, की हवेच्या कायद्याचं नाव सांगून बाहेरची दुरुस्ती अडवता येत नाही. उलट बिघडलेला सेन्सर लवकर बदलला तर धूर कमीच होतो.

तिसरं, चोरी. मे २०२२ मध्ये बातम्या आल्या की युक्रेनच्या मेलितोपोल शहरातल्या डीलरकडून रशियन सैन्यानं पळवलेली यंत्रं लांबूनच बंद करण्यात आली. चोरांची जिरली, आनंद आहे. पण नीट विचार करा. हजार किलोमीटरवरून चोराचा ट्रॅक्टर बंद होतो, तर त्याच बटणानं हप्ता थकलेल्याचाही होऊ शकतो, आणि वर्गणी संपलेल्याचाही. बटण असू द्या, पण ते कुणाच्या हातात आहे ते मालकाला सांगा.

चौथं, आडून बोललं जातं ते. शेतकऱ्याला जमणार नाही. याला उत्तर कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या ब्रायन टिश्लर नावाच्या शेतकऱ्यानं दिलंय. त्यानं ॲगओपनजीपीएस नावाचं ऑटोस्टीअरचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि जगाला फुकट दिलं. विंडोजचा टॅबलेट, बाजारात मिळणारा रिसीव्हर आणि छोटे सर्किट बोर्ड यांवर ते चालतं. त्यात कॅलिब्रेशनचे सगळे आकडे मालकासमोर उघडे असतात. मी असं म्हणत नाही की उद्या सगळ्यांनी तेच बसवा. त्याला वेळ आणि हात दोन्ही लागतात. पण "हे तुमच्या आवाक्यातलं नाही" हे वाक्य तेवढं आता खोटं पडलंय.

आपल्या देशात काय स्थिती? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात चार क्षेत्रं घेतली आणि शेतीची यंत्रं त्यातलं एक. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही सुरू झालं. पण पोर्टलवर कंपनीनं माहिती टाकणं आणि कायद्यानं पोर्ट उघडायला लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोटारींच्या बाबतीत २०१४ साली स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींच्या वर दंड लावला होता. कारणांमधलं एक मोठं कारण हेच, की सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. दंडाच्या रकमेवर पुढं अपिलं झाली, पण मुद्दा आयोगानं मान्य केला होता. जो न्याय कारला, तो ट्रॅक्टरला का नाही?

आणखी एक गोष्ट. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ डिजिटल कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं, पण हक्कभंगाच्या हेतूनं तोडलं तर. स्वतःच्या यंत्राचा कोड वाचणाऱ्याचा हेतू नक्कल करून विकायचा नसतो. म्हणून कुणी "लॅपटॉप लावलात तर गुन्हा होईल" असं घाबरवलं तर त्याला कलम विचारा. वॉरंटीचा विषय मात्र वेगळा. तिच्या अटी वाचल्याशिवाय चालू वॉरंटीत हात घालू नका.

आता कामाचं. नवं यंत्र किंवा किट घेताना रंग आणि एचपीबरोबर हे सात प्रश्न विचारा, आणि उत्तरं कोटेशनवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या.

१. बिघाडाचे पूर्ण आकडे स्क्रीनवर दिसतात का, की नुसता दिवा लागतो?
२. सेन्सर किंवा रिसीव्हर बदलल्यावर कॅलिब्रेशनचा मेनू मालकाला उघडतो का? पासवर्ड असेल तर तो डिलिव्हरीच्या वेळी मिळणार का?
३. लॅपटॉपचं सॉफ्टवेअर आणि अडॅप्टर विकत मिळतात का? किंमत किती, दरवर्षी किती?
४. रानात रेंज नसताना ते चालतं का?
५. वर्गणी संपली किंवा कंपनीनं धंदा गुंडाळला तर किट चालू राहणार का?
६. वायरिंगचा नकाशा आणि सर्व्हिस मॅन्युअल मिळणार का?
७. यंत्र लांबून बंद करायची सोय आहे का? असेल तर कुणाच्या हातात?

डीलर हसेल. हसू द्या. एकानं विचारलं तर हसतो, तालुक्यातल्या पन्नास जणांनी विचारलं तर वर कळवतो.

अवजारे बँक चालवणाऱ्या गटांनी आणि उत्पादक कंपन्यांनी तर हे सोडूच नये. तुम्ही एकदम चार-पाच यंत्रं घेता, तुमचा शब्द जड आहे. कृषी विज्ञान केंद्रात आणि विद्यापीठात जी शास्त्रज्ञ मंडळी ही पोस्ट वाचतायत त्यांना हात जोडून विनंती. प्रात्यक्षिकात ओळ किती सरळ आली ते दाखवता, तसं सेन्सर तुटल्यावर यंत्र किती तासांत पुन्हा चालू झालं तेही मोजा आणि छापा. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, ताकद आणि डिझेलचा खप मोजून अहवाल निघतो. त्या अहवालात दुरुस्तीचा एक रकाना का असू नये? आणि सरकारला एकच मागणी. ज्या यंत्राला माझ्या कराच्या पैशातून अनुदान देता, त्याचं पोर्ट उघडं असण्याची अट घाला. अट नसेल तर अनुदान शेतकऱ्याला नाही, कुलपाला मिळतंय.

फुकट काही मागत नाही आपण. सॉफ्टवेअरची वाजवी किंमत घ्या, पार्टची घ्या, प्रशिक्षणाचीही घ्या. पण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत पुन्हा दरवेळी परवानगी विकत घ्यायची, तीही वाफसा निघून जाताना, हे चालणार नाही.

तुमच्या यंत्रावर कुठलं पोर्ट आहे, कोड दिसतात का, कॅलिब्रेशनचा मेनू उघडतो का, ते उद्या सकाळी टोपण काढून बघा आणि मॉडेलसकट कळवा. नावं-गावं गाळून यादी करू. पुढच्या वर्षी घेणाऱ्याला ती शोरूममध्ये शिरायच्या आधी हातात मिळाली पाहिजे.